कवटी न उघडता मेंदूवर उपचार : लार्स लेक्सेल यांचे जीवनकार्य

मेंदूतील गाठीवर चाकू न चालवता, केवळ किरणांच्या साहाय्याने उपचार करण्याची पद्धत जगाला देणारे स्वीडनचे मेंदूशल्यविशारद प्राध्यापक लार्स लेक्सेल यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९०७ रोजी झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर हर्बर्ट ऑलिव्हेक्रोना यांच्या मार्गदर्शनाखाली ते मेंदूशल्यक्रियेकडे वळले.

त्या काळी मेंदूच्या खोल भागातील शस्त्रक्रिया अनेकदा रुग्णाच्या जिवावर बेतत असे. १९४९ मध्ये लेक्सेल यांनी डोक्याभोवती बसवावयाची धातूची चौकट प्रसिद्ध केली. तिच्या आधारे मेंदूतील अपेक्षित बिंदूचे स्थान अचूक निश्चित करता येऊ लागले. अनेक दिशांनी सोडलेले क्षीण किरण एकाच बिंदूवर एकवटले, तर भोवतालच्या पेशी बचावून नेमका तोच भाग नष्ट करता येईल, असा विचार त्यांनी १९५१ मध्ये मांडला आणि या पद्धतीस 'रेडिओसर्जरी' हे नाव दिले. भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्या सहकार्याने केलेल्या दीर्घ संशोधनातून कोबाल्ट-६० चे १७९ स्रोत असलेले 'गामा नाइफ' हे यंत्र साकारले. १९६८ पासून ते स्टॉकहोममध्ये वापरात आले.

या संशोधनाचा आधार मिळालेल्यांमध्ये पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथीच्या गाठीचे रुग्णही आहेत. कुशिंग आजारात ही गाठ मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना अतिरिक्त कॉर्टिसॉल निर्माण करावयास लावते. अन्य उपाय थकल्यास रुग्णाचे प्राण वाचविण्यासाठी दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकाव्या लागतात. मात्र कॉर्टिसॉलचा अंकुश सुटल्याने काही रुग्णांमध्ये मूळ गाठ झपाट्याने वाढते, त्वचा काळवंडते आणि दृष्टीही धोक्यात येते. १९५८ मध्ये वर्णिलेला हा विकार 'नेल्सन सिंड्रोम' या नावाने ओळखला जातो. शस्त्रक्रियेनंतर उरलेली गाठ रेडिओसर्जरीने बहुतेक रुग्णांमध्ये रोखता येते. संप्रेरकांची पातळी मात्र सावकाश उतरते आणि सर्वांमध्ये पूर्ववत होत नाही. दृष्टिचेता जवळच असल्याने किरणांची मात्राही काटेकोरपणे ठरवावी लागते.

लेक्सेल यांचे जानेवारी १९८६ मध्ये निधन झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये, मुंबई आणि दिल्ली येथे गामा नाइफ उपचार सुरू झाले आणि त्यांच्या संशोधनाचा लाभ भारतीय रुग्णांनाही मिळू लागला.