विश्लेषण : डबा बनण्याआधीच नोंदणी का? खेळण्यातल्या आगगाडीचा बादशहा आणि पडून राहिलेल्या मालाचा हिशेब

अमेरिकेत आज एखाद्या छंदिष्टाला मॉडेल रेल्वेची नवी वाघीण हवी असेल, तर दुकानात जाऊन ती उचलून आणणे बहुतेक वेळा जमत नाही. कंपनी आधी कॅटलॉगमध्ये तिचे चित्र छापते, नोंदणीची अंतिम तारीख जाहीर करते, मागणी मोजते आणि मगच कारखान्याला काम देते. ‘लायनेल’ या जुन्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तर अनेक इंजिने आणि डबे ‘बिल्ट टू ऑर्डर’ या शिक्क्यासह येतात. म्हणजे जेवढी नोंदणी, जवळपास तेवढेच उत्पादन. ही कंपनी स्थापन करणारे जोशुआ लायनेल काउएन मात्र हयातभर आधी माल बनवत आणि नाताळची वाट पाहत राहिले. न खपलेल्या डब्याचा भार कोणी उचलायचा, या प्रश्नाने त्यांना घडवले आणि शेवटी थकवलेही.

आगाऊ नोंदणी चालते कशी?

मराठी वाचकाला ही पद्धत अनोळखी नाही. कोश किंवा अनेक खंडांचा ग्रंथ निघणार असला की प्रकाशनपूर्व नोंदणी होते, तसाच हा प्रकार. फरक आहे तो खर्चाच्या ठिकाणी. मॉडेल वाघिणीत मोठा खर्च पोलादी साच्याचा असतो. साचा एकदा झाला की त्यातून वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या रंगांतले डबे काढता येतात. एकाच वाघिणीचे तीन-चार वेगळे क्रमांकही छापले जातात, कारण खऱ्या मालगाडीत एकाच क्रमांकाच्या दोन वाघिणी नसतात आणि हौशी माणसाला तेवढे खोटेही खपत नाही. अशी प्रत्येक आवृत्ती छोटी असते. ती संपली की तोच रंग पुन्हा कधी निघेल, याची खात्री नाही. नोंदणी अपुरी आली तर कंपनी ती वस्तू रद्दही करते. काही दुकाने बयाणा घेतात, काही माल पाठवतानाच पैसे कापतात. बहुतेक उत्पादन चीनमध्ये होत असल्याने वर्षभर थांबणे नित्याचे. गिऱ्हाईक वस्तू न पाहता, केवळ चित्रावर आणि कंपनीच्या नावावर शब्द देतो.

काउएन कोण होते?

जन्म २५ ऑगस्ट १८७७, न्यूयॉर्क. स्थलांतरित ज्यू कुटुंबातील नऊ भावंडांपैकी आठवे. मूळ आडनाव कोहेन. ते पुढे काउएन झाले. महाविद्यालयात नाव घातले, पण तिथे मन रमले नाही. वीज आणि यंत्रे यांचे वेड मात्र खरे. छायाचित्रकारांची फ्लॅश पावडर पेटवण्याच्या उपकरणाचे पेटंट त्यांनी १८९९ मध्ये मिळवले आणि त्याच्याच जोरावर अमेरिकी नौदलाकडून सुरुंगांच्या फ्यूजचे कंत्राट पदरात पडले. त्या पैशातून १९०० मध्ये हॅरी ग्रँट या भागीदारासह ‘लायनेल’ सुरू झाली. कंपनीला नाव दिले ते स्वतःच्या मधल्या नावाचे.

काउएन स्वतःबद्दल रंगवून सांगत. विजेरीचा शोध आपलाच, अशीही त्यांची एक कथा होती. अभ्यासक ती मान्य करत नाहीत. त्यामुळे पहिल्या गाडीची गोष्टही थोडी जपूनच घ्यावी. दुकानाच्या काचेमागे मांडलेल्या वस्तूंकडे लोकांचे लक्ष जावे म्हणून त्यांनी १९०१ मध्ये एक उघडा लाकडी डबा तयार केला, त्याला पंख्याची छोटी मोटर बसवली आणि तो गोल रुळावर फिरवला. ती जाहिरातीची वस्तू होती. पण गिऱ्हाइकांना काचेमागच्या मालापेक्षा तो डबाच हवासा वाटला आणि दुकानदाराने आणखी डबे मागवले. तपशिलात भर पडली असेल, पण कंपनी त्यानंतर आगगाड्यांकडे वळली हे खरे. १९०२ मध्ये पहिला कॅटलॉग निघाला.

कॅटलॉगचे एवढे महत्त्व का?

काउएन यांची खरी कमाई कोणती, असे विचारले तर मोटरच्या आधी कॅटलॉगचे नाव घ्यावे लागेल. रंगीत पानांवर धडधडत येणारी इंजिने, शेजारी वाकून पाहणारे बाप-लेक. गाडी मुलाची, पण पैसे मोजणारा बाप. दोघांनाही एकाच पानावर पकडायचे, ही युक्ती. १९०६ मध्ये त्यांनी तीन रुळांची, सव्वादोन इंचांहून किंचित कमी रुंदीची मार्गिका आणली आणि तिला ‘स्टँडर्ड’ हे नाव नोंदवून टाकले. ते मानक त्यांनीच ठरवलेले होते! प्रतिस्पर्ध्यांना तशीच रुंदी वापरताना ‘वाइड गेज’ म्हणावे लागले. मधल्या तिसऱ्या रुळामुळे गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर परत आली तरी शॉर्ट सर्किट होत नसे. घरातल्या गालिच्यावर पोराने जोडलेल्या रुळांसाठी ही सोय मोठी होती.

पुढे आगाऊ मागणीचीही एक पद्धत रुळली, पण ती दुकानदारांपुरती होती. वर्षाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये खेळण्यांचा मेळा भरे. दुकानदार तिथे नवे नमुने पाहून नाताळसाठी माल सांगत. लायनेल त्यांच्यासाठी वेगळा आगाऊ कॅटलॉगही काढू लागली. पोराला डिसेंबरमध्ये मिळणाऱ्या गाडीचा अंदाज मार्चमध्ये बांधला जाई. अंदाज चुकला तर नुकसान दुकानदाराचे आणि कारखान्याचे, गिऱ्हाईक मोकळे.

मंदीत काय झाले?

१९२९ च्या घसरणीनंतर महागड्या गाड्यांना उठाव राहिला नाही. १९३४ मध्ये लायनेल न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेली. त्याच वर्षी मिकी आणि मिनी माऊस दांडा मारत पळवत असलेली हातगाडी, किंमत १ डॉलर, बाजारात आली आणि अडीच लाखांहून अधिक खपली. मिकीने लायनेल वाचवली, ही दंतकथा तेव्हापासून चालत आली आहे. हिशेबाने पाहिले तर एका डॉलरच्या खेळण्यात नफा थोडाच. त्याच सुमारास युनियन पॅसिफिकच्या झुळझुळीत आधुनिक गाडीचे जे मॉडेल निघाले, त्याचा वाटा अधिक असावा. पण उंदराची गोष्ट लोकांना जास्त आवडते. जानेवारी १९३५ मध्ये कंपनी प्रशासकाच्या हातून सुटली.

दोनच वर्षांत काउएन यांनी उलट टोकाची उडी घेतली. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या हडसन इंजिनाचे हुबेहूब मॉडेल १९३७ मध्ये आले ते ७५ डॉलरना, तेव्हाच्या कामगाराच्या काही आठवड्यांच्या पगाराइतक्या किमतीला. खेळण्यापलीकडे जाऊन मोजमापाला महत्त्व देणारा प्रौढ गिऱ्हाईक अस्तित्वात आहे, हे या इंजिनाने दाखवले. आजचा नोंदणी करणारा छंदिष्ट त्याच वंशाचा.

साच्याचा खर्च कोणी उचलला?

युद्धकाळात, १९४२ मध्ये, धातूची खेळणी बंद झाली. न्यू जर्सीतील कारखान्यात होकायंत्रे आणि नौकानयनाची उपकरणे बनू लागली. १९४३ च्या नाताळला लायनेलने पुठ्ठ्याची गाडी विकली. ती जोडताना अनेक बाप हैराण झाले.

युद्धानंतरचा एक व्यवहार मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. एफ-३ या डिझेल इंजिनाचे मॉडेल काढायचे तर साचे फार महाग पडत होते. खरे इंजिन बनवणारी जनरल मोटर्स आणि ते वापरणाऱ्या सँटा फे व न्यूयॉर्क सेंट्रल या रेल्वे कंपन्यांना लायनेलने साच्यांच्या खर्चात वाटा उचलायला राजी केले. बदल्यात त्यांची नावे आणि रंग घरोघरी फिरणार होते. १९४८ मध्ये सँटा फेचे लाल-चंदेरी इंजिन आले आणि अमेरिकी घरांत ते नाताळचे चित्रच होऊन बसले. उत्पादनाआधी कोणाकडून तरी पैसे उभे करण्याची गरज काउएन यांनाही होती. त्यांनी ते मोठ्या कंपन्यांकडून काढले. आजचे उत्पादक छंदिष्टाच्या खिशाकडे पाहतात.

मग घसरण कशी झाली?

१९५३ च्या आसपास लायनेल जगातील सर्वांत मोठ्या खेळणी कंपन्यांपैकी एक होती आणि वार्षिक विक्री ३ कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. पण नंतर पोरांचे डोळे टीव्हीकडे, विमानांकडे आणि मोटारींकडे वळले. खऱ्या रेल्वेचीही रया जात होती.

१९५७ मध्ये लायनेलने खास मुलींसाठी गाडी काढली : गुलाबी इंजिन, मागे लिंबूपिवळ्या, जांभळट आणि फिकट निळ्या रंगांचे डबे. गाडी हवी असलेल्या मुलींना ती खऱ्यासारखी काळी हवी होती, हे कोणी विचारलेच नाही. दुकानांत संच धूळ खात पडले. आधी नोंदणी मागितली असती तर ही गाडी कदाचित निघालीच नसती. आज मात्र तीच संग्राहकांच्या लिलावात भाव खाते, कारण मूळ संच थोडेच विकले गेले. मर्यादित आवृत्ती जाहीर न करताच ती मर्यादित ठरली.

१९५८ मध्ये कंपनी तोट्यात गेली. ऐंशी ओलांडलेल्या काउएन यांनी अध्यक्षपद सोडले आणि १९५९ मध्ये आपले समभाग विकले. घेणाऱ्या गटाचे नेतृत्व त्यांच्याच नात्यातील वकील रॉय कोहन यांच्याकडे होते. सिनेटर मॅकार्थी यांचे सहायक म्हणून गाजलेले तेच हे कोहन. काउएन फ्लोरिडातील पाम बीचला राहत होते. तिथेच ८ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लायनेल हे नाव पुढे अनेक हातांतून फिरले. त्यांच्या पश्चात चार वर्षांनी खेळण्यातल्या आगगाड्या बनवण्याचे हक्क न्याहारीचे पदार्थ विकणाऱ्या जनरल मिल्सकडे गेले.