खडकीची नहर

दक्षिणेच्या इतिहासात पराक्रमी पुरुष पुष्कळ होऊन गेले. पण रणांगण आणि नगररचना या दोन्ही क्षेत्रांत सारखेच नाव मिळवणारे पुरुष थोडे. अशा थोड्यांत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची गणना करावी लागते.

मलिक अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिका खंडातील हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीच त्याच्या नशिबी गुलामगिरी आली. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला जात तो अरबस्तानात आणि पुढे बगदादच्या एका व्यापाऱ्याच्या घरी पोहोचला. अंबर हे नाव त्याला याच व्यापाऱ्याने दिले. मुलाची तल्लख बुद्धी पाहून त्याने त्याला लिहिणे, वाचणे आणि हिशेब ठेवणे शिकवले, असे सांगतात. तेथून अंबर दक्षिण हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा मंत्री चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही हबशी होता. त्याच्या पदरी राहून अंबराने राज्यकारभाराचे बारकावे जवळून पाहिले. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर तो गुलामगिरीतून मुक्त झाला. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली, तेथे मलिक हा किताब मिळवला आणि पुन्हा तो निजामशाहीत परतला.

इ. स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. निजामशाही संपली, असेच सर्वांना वाटले. अशा वेळी मलिक अंबराने निजामशाही घराण्यातील मुर्तजा याला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि विस्कटलेले सैन्य पुन्हा गोळा केले. मोगलांची फौज मोठी, तोफखाना भारी. तेव्हा उघड्या मैदानावर त्यांना गाठण्याऐवजी त्याने डोंगरदऱ्यांचा आश्रय घेतला. चपळ मराठा घोडेस्वारांच्या तुकड्या शत्रूची रसद तोडू लागल्या आणि छापे घालून क्षणात दिसेनाशा होऊ लागल्या. मोगल बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका चिडला होता, की मलिक अंबराच्या मस्तकावर बादशहा स्वतः बाण सोडीत आहे, असे चित्र त्याच्या दरबारातील चित्रकाराने काढले. प्रत्यक्षात असा प्रसंग कधीच घडला नाही. जे रणांगणावर साधले नाही, ते कागदावर साधून बादशहाने समाधान मानले.

१६१० मध्ये मलिक अंबराने दौलताबादजवळच्या खडकी या गावी नवे शहर वसवण्यास आरंभ केला. जागा मोक्याची होती. दौलताबादचा बळकट किल्ला जवळ होता आणि व्यापाराच्या वाटाही सोयीच्या होत्या. पण नावाप्रमाणेच गाव खडकाळ. खाम नदी लहान. उन्हाळ्यात तिचा प्रवाह रोडावे. काळ्या कातळात विहिरी खणणे कष्टाचे आणि खर्चाचे. सरदार, कारागीर, व्यापारी आणि सैनिक यांची वस्ती वाढू लागली, तसा पाण्याचा प्रश्न बिकट झाला.

मलिक अंबराने डोळे वळवले ते उत्तरेकडील डोंगरांकडे. हर्सूलच्या बाजूला डोंगरांच्या पायथ्याशी पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खाली खडकावर साठून राहते, हे त्याच्या ध्यानी आले होते. हे मुरलेले पाणी त्याने जमिनीच्या पोटातच गोळा करण्याचे ठरवले. भूमीखाली दगडचुन्याचा बोगदा खोदून बांधण्यात आला. त्याला शहराच्या दिशेने अगदी हलका उतार दिला. उतार जास्त झाला, तर वेगवान पाणी भिंती कोरते. कमी झाला, तर गाळ साचून वाट बुजते. हा तोल गवंड्यांना साधावा लागला, तोही आजच्यासारखी मोजणीची यंत्रे हाताशी नसताना. ठिकठिकाणी विहिरीसारखी उभी तोंडे ठेवली. त्यांतून आत हवा खेळे आणि माणसांना उतरून गाळ काढता येई. हीच नहर-ए-अंबरी. पंधरा महिन्यांत हे काम पुरे झाले, अशी परंपरा सांगते.

शहराजवळ पोहोचलेले हे पाणी हौदात घेऊन पुढे खापरी नळांनी पेठांपेठांत नेले जाई. येथे दुसरीच अडचण उभी राहते. उघड्या पाटातले पाणी काठावरून सांडते. बंद नळातल्या पाण्याला सांडायला जागा नसते, म्हणून ते नळाच्या भिंतींवर आणि सांध्यांवर जोर करते. पाण्याची पातळी दहा मीटर उंच असेल, तर खाली नळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार पडतो. भाजलेल्या मातीच्या नळाची ताकद ती किती! म्हणून नळांभोवती दगडचुन्याचे भक्कम आवरण घातले आणि सांधे चुन्याने घट्ट मिटवले. शिवाय वाटेत अंतराअंतरावर मनोरे उभारले. नळातले पाणी मनोऱ्यात वर चढे, माथ्याशी मोकळे होई आणि पुन्हा खाली उतरून पुढच्या नळात शिरे. त्यामुळे साचलेली हवा निघून जाई आणि नळावरचा भार ठरलेल्या मर्यादेत राही. नळाला सोसेल तेवढाच भार त्याच्यावर टाकायचा आणि जास्तीच्या भाराला आधीच वाट करून द्यायची, असा हा शहाणपणा होता.

खडकीवर संकटे आली, ती याच काळात. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत मलिक अंबराचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. १६२१ मध्ये शाहजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढे शहाजहान झालेल्या राजपुत्राच्या फौजांनी शहराची पुन्हा धूळधाण केली. वाडे पडले, बाजार ओस झाले. तरीही दोन्ही वेळा लोक परतले आणि शहर पुन्हा उभे राहिले. घर पुन्हा बांधता येते. पाण्यावाचून मात्र वस्ती टिकत नाही. जमिनीच्या पोटातली वाट आगीने जळत नाही, घोड्यांच्या टापांनी तुडवली जात नाही आणि शत्रूच्या नजरेसही सहज पडत नाही.

मलिक अंबराने पाण्याचा उपयोग युद्धातही करून घेतला. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकवटून त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून पाणी सोडले. वाटांवर चिखल झाला आणि शत्रूची अवजड फौज जागीच रुतली. मग निजामशाही स्वारांनी तिचा पुरता पराभव केला. शहाजीराजे भोसले आणि त्यांचे बंधू शरीफजी या लढाईत निजामशाहीच्या बाजूने लढले. शरीफजी तेथेच धारातीर्थी पडले. खडकीत जे पाणी बांधलेल्या वाटेने येऊन घरोघरी जीवन देत होते, तेच भातवडीत वाट सोडताच एका सैन्याचा घात करून गेले.

मुलखाची व्यवस्थाही मलिक अंबराने याच दूरदृष्टीने लावली. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्याने घातली. त्यामुळे रयतेला दिलासा मिळाला आणि सततच्या लढायांतही खजिना रिता झाला नाही. १४ मे १६२६ रोजी, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, तो मरण पावला. खुलताबादेत त्याची कबर आहे. जन्मभर वैर केलेल्या मोगलांच्या दरबारी इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या कर्तृत्वाचा गौरव केला.

त्याच्यानंतर दहा वर्षांत निजामशाही लयास गेली. १६५३ मध्ये औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार म्हणून आला आणि खडकीचे औरंगाबाद झाले. २०२३ पासून त्या शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, पाण्याची विद्या मात्र पुढे चालत राहिली. १७४४ मध्ये बांधलेल्या पाणचक्कीत दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी खापरी नळांनी आणून उंचावरून सोडले गेले आणि त्याच्या बळावर धान्य दळणारे जाते फिरू लागले. आज शहराला पाणी येते ते मुख्यतः जायकवाडीच्या नाथसागरातून. वाढत्या बांधकामांखाली नहरेचे अनेक फाटे बुजले आहेत.

याच शहराच्या चिकलठाणा आणि वाळूज येथील कारखान्यांत आज लोखंडाला आकार देणारे हायड्रॉलिक प्रेस चालतात. बंद द्रवावर टाकलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा त्यांच्यामागील नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने मांडला. मलिक अंबर वारला तेव्हा पास्कल पुरता तीन वर्षांचाही नव्हता. या यंत्रांत तेलाचा दाब वाहून नेतात ते रबरी होज. त्यांच्या पोटात तारांची वीण असते. नळाभोवतीच्या दगडी आवरणाचे काम येथे ही वीण करते. दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलो दाबावर नेहमी चालवायचा होज आठशे किलोपर्यंत फुटता कामा नये, असा चौपटीचा दंडक पाळतात. शिवाय होज निवडताना तेलाची जात, उष्णता आणि वळणाची मर्यादा पाहतात. तोंडाचे जोड त्याच ताकदीचे घेतात. दाब वाढल्यास आपोआप उघडणारी झडप बसवतात. मनोऱ्याचेच काम ती झडप करते. होज स्वस्त घेतला, किंवा झिजलेला वेळेवर बदलला नाही, तर सुईसारख्या बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची धार कामगाराच्या कातडीतून आत घुसते. म्हणून गळती हाताने कधीही चाचपून पाहू नये, असा कारखान्यात नियम असतो.

मलिक अंबराने असा होज कधी पाहिला नव्हता. परंतु ज्या वाटेवर इतरांचे प्राण अवलंबून आहेत, ती दिसत नसली तरी तिचा प्रत्येक सांधा भक्कम हवा, हे त्याने चारशे वर्षांपूर्वी खडकीच्या कातळात करून दाखवले.

स्वाध्याय

१. खडकी येथे पाण्याचा प्रश्न बिकट का झाला?
२. नहरेला हलकाच उतार का द्यावा लागला?
३. वाटेतील मनोऱ्यांमुळे खापरी नळांचे रक्षण कसे होई?
४. खडकीतील पाणी आणि भातवडीतील पाणी यांच्या उपयोगातील फरक सांगा.
५. आपल्या गावी पाणी कोठून व कसे येते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.