रजनीकांतच्या नावामागचा राजा

रजनीकांतचं खरं नाव माहीत आहे? शिवाजीराव गायकवाड! १९५० साली बेंगळुरूच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाला घरच्यांनी छत्रपतींचं नाव दिलं. मला प्रश्न पडला, महाराजांचं नाव इतक्या दक्षिणेला कसं? शोधलं तर कळलं, नावाच्या आधी भोसले घराणंच तिथे पोचलं होतं.

बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर. पण १६३० साली शिवनेरीवर जन्मलेल्या शिवबांनी स्वराज्य उभं केलं ते पुणे-मावळातून. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. दुसरा कोणी इथेच थांबला असता. महाराज १६७७ मध्ये थेट तमिळ मुलखात उतरले, जिंजीचा किल्ला घेतला आणि नव्याने मजबूत केला. रायगडापासून एवढ्या लांब किल्ला कशाला, असं कोणालाही वाटेल.

३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. १६८९ मध्ये संभाजीराजांना मोगलांनी हाल करून मारलं, रायगडही पडला. तेव्हा राजाराम महाराज जिंजीला गेले आणि तिथून राज्य चालवलं. जिंजी घ्यायला मोगलांना १६९८ उजाडलं. तोवर स्वराज्य तगलं होतं.

आपण इंजिनिअरिंगवाले ज्याला बॅकअप म्हणतो, तो हाच! भोसल्यांची कुलस्वामिनी आपल्या तुळजापूरची, म्हणून महाराज आपल्याला घरचेच वाटतात. जयंतीला घोषणा तर देऊच; पण आपण नसतानाही टिकेल असं काम करणं, हीच खरी शिवभक्ती, असं मला वाटतं.