पोटात मृत्यू, हातात गणित
अल्बर्ट आइन्स्टाईन यांनी अखेरची सहा वर्षे पोटात मृत्यू बाळगून काढली, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांना शस्त्रक्रियेत त्यांची पोटातील महाधमनी फुग्यासारखी फुगलेली आढळली. कृत्रिम धमनी जोडण्याची सोय तेव्हा नव्हती; म्हणून भिंतीला बळकटी यावी या हेतूने त्यांनी ती सेलोफेनने वेढली. धोका कायम होता, तरी संशोधन थांबले नाही. ११ एप्रिल १९५५ रोजी आइन्स्टाईननी अण्वस्त्रविरोधी जाहीरनाम्यावर सही केली. त्याच आठवड्यात धमनी फुटली. नवी शस्त्रक्रिया नाकारून त्यांनी इस्पितळात अपुरी गणिते मागवली. १८ एप्रिलला ते निवर्तले. आज सोनोग्राफीने असा फुगवटा वेळीच कळतो. दुखणे जाणावे, पण भीतीने हातचे काम सोडू नये, हेच खरे.