पाचगणीचा फारोख, लाखोंचा फ्रेडी

पाचगणीला गेला नाही असा माणूस आपल्या सोसायटीत शोधूनही सापडायचा नाही. टेबललँडवर घोड्यावरून एक चक्कर, मग स्ट्रॉबेरी, परतताना वाईचा ढोल्या गणपती, हा आपला ठरलेला बेत. पण त्याच पाचगणीत सेंट पीटर्स नावाची एक जुनी बोर्डिंग शाळा आहे, आणि तिथे १९५० च्या दशकात फारोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता हे आपल्यातल्या थोड्याच जणांना ठाऊक असतं. हा फारोख म्हणजेच पुढे जगभर गाजलेला रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी. त्याची गाणी आपल्या तरुण मंडळींना पाठ आहेत. इथे सांगायचंय ते मात्र त्याच्या नि त्याच्या चाहत्यांच्या नात्याविषयी.

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. वडील बोमी हे इंग्रज सरकारच्या नोकरीत खजिनदार, आई जेर. घराणं मूळचं गुजरातेतल्या बलसाडचं, म्हणून आडनाव बलसारा. आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला शिक्षणासाठी बोटीने भारतात पाठवलं आणि पाचगणीच्या शाळेत ठेवलं. आठ वर्षांचं पोर, आणि घर समुद्रापलीकडे! सगळ्या सुट्ट्यांना घरी जाणं काही जमायचं नाही, मग मुंबईच्या नातेवाइकांकडे राहायचं. शाळेत तो पियानो शिकला, नाटकांत उभा राहिला, आणि बाराव्या वर्षी चार मित्रांना घेऊन द हेक्टिक्स नावाचा बँडही काढला. फ्रेडी हे नाव त्याला इथेच पडलं. घरापासून दूर राहणाऱ्या लाजऱ्या मुलाला चारचौघांत मान मिळाला तो गाण्यानं, आणि त्या मानाची सुरुवात आपल्या सातारा जिल्ह्यात झाली, हे विसरून चालणार नाही.

१९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला. पण लगेच जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंबाने होतं नव्हतं ते सोडून इंग्लंड गाठलं. लंडनजवळच्या फेल्टम गावात बिऱ्हाड थाटलं. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं, हीथ्रो विमानतळावर सामान उचलायचं काम केलं, केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांचा स्टॉल लावला. १९७० मध्ये गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर यांच्यासोबत त्याने क्वीन हा बँड उभा केला. वर्षभराने जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. बलसाराचा मर्क्युरी याच सुमारास झाला, आणि बँडचं बोधचिन्हही या ग्राफिकवाल्यानेच काढलं.

१९७५ मध्ये त्याने लिहिलेलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं जाणकारांचं मत. पण लोकांनी ते डोक्यावर घेतलं आणि सलग नऊ आठवडे ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिलं. समीक्षक बऱ्याचदा नाकं मुरडायचे, श्रोते मात्र वाढतच गेले. सत्तरच्या दशकातच या चाहत्यांचा अधिकृत संघ सुरू झाला. वर्गणी भरायची, मग पोस्टाने पत्रिका घरी यायची. तो संघ पुढे पन्नास वर्षांच्या घरात चालला आणि रॉक बँडचा सर्वांत जास्त काळ चाललेला चाहता संघ म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. आपण पंचवीस वर्षं सोसायटी चालवली आहे, वर्गणी गोळा करणं आणि माणसं बांधून ठेवणं काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या नात्याला खरं वळण मिळालं ते १९७७ मध्ये. स्टॅफर्ड गावातल्या बिंगले हॉलमध्ये कार्यक्रम संपला, बँड आत गेला, पण लोक काही घरी जाईनात. उलट फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात तसलं एक गाणं ते सगळे मिळून बँडसाठीच गाऊ लागले. चौघेही थक्क झाले. तोवर रॉक बँडची समजूत अशी, की आम्ही वाजवतो आणि तुम्ही ऐकता. इथे श्रोतेच गात होते. मग ब्रायनने ठरवून असं गाणं लिहिलं, की ज्यात वाद्य वाजवायचं ते श्रोत्यांनीच. गर्दीत दाटीवाटीनं उभ्या माणसाला काय करता येतं? दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. झालं, ‘वुई विल रॉक यू’ तयार! जवळजवळ पूर्ण गाण्याला साथ एवढीच. गिटार येते ती शेवटी. फ्रेडीने त्याच वेळी ‘वुई आर द चॅम्पियन्स’ लिहिलं, तेही सगळ्यांना एकत्र म्हणता येईल असंच. आपल्या गणपतीच्या आरतीत जसा झांज नसलेला माणूस टाळी तरी वाजवतोच, तसंच हे.

त्यानंतर चाहत्यांना हाताशी धरणं ही क्वीनची पद्धतच झाली. ‘रेडिओ गा गा’ हे रॉजरचं गाणं. १९८३ च्या नोव्हेंबरात त्याची फिल्म काढायची होती, तेव्हा भाड्याची गर्दी न आणता चाहता संघाच्याच सुमारे ५०० सभासदांना स्टुडिओत बोलावलं. पांढरे कपडे घालून, दोन्ही हात वर करून, एका तालात टाळ्या वाजवायच्या एवढंच काम. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचं फळ पुढे येतं.

सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मात्र नाही. १९८० मध्ये फ्रेडीने लांब केस कापले आणि मिशी ठेवली, तेव्हा काही चाहत्यांनी चक्क स्टेजवर रेझर फेकले. त्याने मिशी काढली नाही. १९८४ मध्ये चौघांनी एका गाण्याच्या फिल्ममध्ये बायकांचे कपडे घालून घरकाम केलं. इंग्लंडात लोक हसले, अमेरिकेत बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. १९८२ नंतर फ्रेडी अमेरिकेच्या दौऱ्यावर पुन्हा कधी गेला नाही. चाहत्यांना तो जीव लावायचा, पण त्यांच्या मर्जीप्रमाणे वागायचा नाही. प्रेम टिकायला हेही लागतंच की!

१३ जुलै १९८५. आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर लाइव्ह एडचा मोठा कार्यक्रम होता. ७२ हजार माणसं आली होती ती अनेक कलावंतांसाठी, एकट्या क्वीनसाठी नव्हे. क्वीनच्या वाट्याला वीसेक मिनिटं. ‘रेडिओ गा गा’ सुरू झालं आणि त्या ५०० जणांच्या टाळ्या ७२ हजारांच्या हातांत उतरल्या. सगळं स्टेडियम एका वेळी हात वर करतंय, एका वेळी टाळी पडतेय. कुणी शिकवलं नव्हतं, टीव्हीवर बघून बघून अंगवळणी पडलं होतं. मग फ्रेडीने वाद्यं थांबवली आणि नुसत्या आवाजाने लोकांशी खेळ मांडला. तो एक तान घ्यायचा, लोक तीच परत करायचे. तो अवघड करत जायचा, लोक मागे हटायचे नाहीत. गुरुजी आणि शिष्य बसलेत, फक्त शिष्य ७२ हजार! शंभराहून अधिक देशांत हे थेट दिसलं. आजही तो कार्यक्रम रॉकमधल्या सर्वोत्तम कार्यक्रमांत मोजतात.

त्याच वर्षी जानेवारीत ब्राझीलमध्ये रिओला ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ गाताना वेगळाच प्रकार घडला होता. पोर्तुगीज बोलणारी ती माणसं, पण इंग्रजी गाणं त्यांना अक्षरन् अक्षर पाठ. फ्रेडीने हाताने इशारा केला आणि तो गप्प उभा राहिला. गाणं लोकांनी म्हटलं. पुढच्या वर्षी, २७ जुलै १९८६ ला, कम्युनिस्ट हंगेरीत बुडापेस्टच्या मोठ्या स्टेडियमवर त्याने याची परतफेड केली. तिथलं एक लोकगीत त्यांच्याच भाषेत म्हणायचं ठरवलं, शब्द जिभेवर बसेनात म्हणून तळहातावर लिहून घेतले, आणि हाताकडे बघत बघत गायला. एवढा मोठा गायक, पण शाळकरी पोरासारखा हातावर लिहून! लोकांनी आनंदाने स्टेडियम दणाणून सोडलं. ९ ऑगस्ट १९८६ ला इंग्लंडमध्ये नेबवर्थला लाखावर माणसांसमोर तो बँडसोबत गायला. तो त्यांचा एकत्र शेवटचा कार्यक्रम ठरला.

स्टेजवर वाघ असलेला हा माणूस घरी मात्र लाजाळू होता. मुलाखती क्वचित द्यायचा. केन्सिंग्टनमध्ये गार्डन लॉज नावाचं त्याचं घर होतं, भोवती उंच भिंत, आत बाग आणि आवडती मांजरं. शेवटच्या वर्षांत जोडीदार जिम हटन आणि जुनी मैत्रीण मेरी ऑस्टिन त्याच्याजवळ होते. १९८७ मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. त्या काळी हा आजार म्हणजे वाळीत पडणं. त्यातून वर्तमानपत्रवाले दारात टपलेले. फ्रेडीने बाहेर काही कळू दिलं नाही, आणि अंगात त्राण होतं तोवर गाणी ध्वनिमुद्रित करत राहिला. मे १९९१ मध्ये शेवटची फिल्म काढली ती कृष्णधवल. खंगलेला, जपून उभा राहिलेला, पण कॅमेऱ्यात बघून हसणारा.

चाहत्यांपासून एवढी मोठी गोष्ट लपवणं बरोबर होतं का, यावर आजही वाद घालता येतो. मला वाटतं, गाण्यावर श्रोत्यांचा हक्क असतो, आजारपणावर नसतो. तरी २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने जाहीर निवेदन काढलंच. मित्रांना आणि चाहत्यांना आता खरं कळायला हवं, असा त्याचा आशय होता. मित्र आणि चाहते एकाच ओळीत! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, २४ नोव्हेंबरला, वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. अस्थी कुठे ठेवल्या हे मेरीने कुणालाही कळू दिलं नाही, त्याचीच तशी इच्छा होती.

ज्याची समाधी नाही त्याच्या चाहत्यांनी जायचं कुठे? ते गार्डन लॉजच्या भिंतीपाशी जमले. फुलं ठेवली, पत्रं चिकटवली, भिंतीवरच निरोप लिहिले. जी भिंत त्याला लोकांपासून आड ठेवत होती, तीच लोकांची वही झाली. एका रोग्याची बदनामी होईल असं ज्यांना वाटत होतं, त्यांना हे उत्तर होतं.

चाहते नुसते रडत बसले नाहीत. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा बाजारात आलं, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याचे दहा लाख पौंडांहून जास्त पैसे एड्सरुग्णांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाले. २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीवर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. कोण कोण गाणार हे जाहीर होण्याआधीच, काही तासांत सगळी तिकिटं संपली होती. त्या दिवशी ‘रेडिओ गा गा’ दुसऱ्याच गायकाने म्हटलं, पण टाळ्या बरोबर वेळेवर पडल्या. शिकवणारा नव्हता, शिकलेले सगळे हजर होते. त्या कार्यक्रमातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला, आणि एड्सविरोधातलं त्याचं काम पुढे चालत राहिलं. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो गावी सरोवराकाठी १९९६ पासून त्याचा पुतळा उभा आहे. दर सप्टेंबरात वाढदिवसाला जगभरची माणसं तिथे जमतात. त्यांतल्या कित्येकांचा जन्मच त्याच्या मृत्यूनंतरचा.

गायक पुष्कळ झाले आणि होतील. फ्रेडीने गर्दीतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कार्यक्रमात एक काम दिलं, आणि तो ते करील यावर विश्वास ठेवला. काम मिळालेला माणूस पाहुणा राहत नाही, घरचा होतो. म्हणून तर आज क्रिकेटच्या मैदानावर दोनदा पाय आणि एकदा टाळी असा ठेका सुरू झाला, की हे कुणाचं गाणं हे ठाऊक नसलेलं पोरगंही न चुकता साथ देतं.