न्यूट्रॉनला अडवणारी भिंत आणि होमी भाभा

एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ शिशाचा एप्रन घालतो. क्ष-किरणांसाठी तो उपयोगी पडतो, न्यूट्रॉनसाठी मात्र जवळजवळ निरुपयोगी. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जड धातूतूनही आरपार जातो. त्याला अडवायचे कसे, हा प्रश्न भारतात प्रथम मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला तो ट्रॉम्बेला, डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सधन पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, ही वडिलांची इच्छा. मुलाचा ओढा गणिताकडे आणि भौतिकशास्त्राकडे. अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवला तर पुढे गणित शिकता येईल, असे ठरले. १९३० मध्ये केंब्रिजला त्यांनी ही अट पूर्ण केली. दोन वर्षांनी तिथल्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला.

भाभांनी विश्वकिरणांवर संशोधन केले. १९३९ मध्ये सुट्टीवर मायदेशी आले असताना महायुद्ध पेटले आणि ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. १९४५ मध्ये त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली, तर १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या भागांना अणुवीज परवडेल, असे त्यांचे गणित होते. ऊर्जानगरचे वीज केंद्र खाणींच्या शेजारी आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र मात्र समुद्रकाठी उभे राहिले, ते याच विचारातून.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ही पहिली अणुभट्टी. इंधन ब्रिटनचे, आराखडा आणि बांधणी भारतीयांची. सुमारे ८ मीटर खोल पाण्याच्या हौदात तिचा गाभा टांगलेला होता. हेच पाणी भट्टी थंड ठेवी, न्यूट्रॉनचा वेग कमी करी आणि वर उभ्या असलेल्या माणसांचे रक्षणही करी.

पाण्याला हे जमते ते हायड्रोजनमुळे. कॅरमचा स्ट्रायकर चौकटीवर आपटला की जोरात परततो, सोंगटीवर बसला की आपला बराच वेग तिला देऊन टाकतो. शिशाचा अणुगर्भ न्यूट्रॉनसाठी चौकटीसारखा, तर जवळपास सारख्याच वजनाचा हायड्रोजनचा अणुगर्भ सोंगटीसारखा. आपल्या शरीरातही हायड्रोजन भरपूर असल्याने न्यूट्रॉन पेशींना अधिक इजा करतात. किरणोत्सर्गाची मात्रा मोजताना त्यांची हानी क्ष-किरणांच्या २० पटींपर्यंत धरली जाते.

वेग मंदावलेला न्यूट्रॉन टिपून घेण्याचे काम बोरॉन उत्तम करतो. पण न्यूट्रॉन शोषला जाताना गॅमा किरण बाहेर पडतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा शिसे, पोलाद किंवा जाड काँक्रीट लागते. म्हणजे एका पदार्थाने भागत नाही. हायड्रोजनने समृद्ध असलेल्या पॉलिथिलीनमध्ये बोरॉन मिसळून केलेले संमिश्र पदार्थ वापरात आले, ते यामुळेच.

‘अप्सरा’त अशा कवचांच्या चाचण्यांसाठी खास जागा होती. गाभा हौदात सरकवता येई, त्यामुळे तो त्या जागेसमोर आणून वेगवेगळ्या पदार्थांच्या थरांपलीकडे किती न्यूट्रॉन पोहोचतात हे मोजता येई. कल्पाक्कमच्या प्रजनक अणुभट्टीच्या कवचासाठीही येथे प्रयोग झाले.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेल्या भाभांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. ते तेव्हा ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. ‘अप्सरा’ने २००९ पर्यंत काम केले, तिची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये सुरू झाली.

भाभांच्याच काळात, १९६२ मध्ये, मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगावरील उपचारात वापरली जाणारी उच्च ऊर्जेची किरणोपचार यंत्रेही काही न्यूट्रॉन निर्माण करतात. म्हणून अशा खोल्यांच्या भिंती जाड काँक्रीटच्या असतात आणि जड दारांत अनेकदा बोरॉनयुक्त पॉलिथिलीन, शिसे व पोलाद यांचे थर असतात. रुग्णाला आत ठेवून कर्मचारी बाहेर जातात आणि दार बंद होते, तेव्हा नातेवाइकांच्या मनात धस्स होते. रुग्णाला उपचारापुरतीच मात्रा मिळते. कर्मचाऱ्यांना मात्र हेच काम वर्षानुवर्षे रोज करायचे असते. ते दार त्यांच्यासाठी आहे.