खुब्याचा सांधा बदलणारे सर जॉन चार्नली

भंडारा जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग गोळा खचतो आणि ऐन तिशीत खुबा निकामी होतो. सांधा बदलावा लागेल असे सांगितले की रुग्णाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. तो किती वर्षे टिकेल? आणि खाली बसता येईल का? धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसासाठी दुसरा प्रश्न पोटापाण्याचाच असतो. सर जॉन चार्नली यांचे आयुष्य या दोन प्रश्नांची सांगड घालण्यात गेले.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील बरी या गावी झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. १९३५ मध्ये मँचेस्टरहून ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवेत असताना त्यांनी कार्यशाळेत अस्थिरुग्णांसाठी उपकरणे तयार केली. यंत्रांची ही आवड त्यांना पुढे उपयोगी पडली.

त्या काळी खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवत. असा गोळा असलेल्या एका रुग्णाचा सांधा हालचाल करताना करकर वाजे. हा आवाज घर्षणाचा आहे आणि घर्षणामुळेच सांधा सैल होतो, हे चार्नली यांनी ओळखले. गोळा जितका मोठा, तितका वाटीला बसणारा पीळ जास्त. म्हणून त्यांनी धातूचा लहान गोळा आणि टेफ्लॉनची वाटी निवडली. दोन्ही भाग हाडात पक्के बसावेत म्हणून दातांच्या कामातले अ‍ॅक्रिलिक सिमेंट वापरले.

सुरुवातीला रुग्ण आनंदाने चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले आणि त्याच्या कणांनी आजूबाजूचे हाड व मांस खराब केले. सुमारे तीनशे रुग्णांना या वाट्या बसवल्या होत्या. चार्नली यांनी अपयश लपवले नाही. टेफ्लॉनचा तुकडा स्वतःच्या मांडीत घालून त्याचा परिणाम तपासला आणि बिघडलेले सांधे पुन्हा शस्त्रक्रिया करून बदलले.

१९६२ मध्ये त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिथिनचा एक टणक प्रकार झीज मोजण्याच्या यंत्रावर लावला. चार्नली यांना आधी त्यात रस नव्हता. पण झीज नगण्य निघाली, तेव्हा त्यांनी मत बदलले. नोव्हेंबर १९६२ मध्ये रायटिंग्टन रुग्णालयात त्या वाटीचा वापर सुरू झाला. गोळा होता सुमारे २२ मिलिमीटरचा. नैसर्गिक गोळा साधारण ४५ ते ५० मिलिमीटरचा असतो.

लहान गोळ्याने झीज कमी झाली, पण वाटीच्या काठावरून निसटायला त्याला थोडेच अंतर पुरते. सांधा निखळू नये म्हणून चार्नली मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून, स्नायू ताणून तो पुन्हा तारेने बांधत. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी त्यांनी शुद्ध हवेची बंदिस्त शस्त्रक्रियागृहे उभारली. मृत्यूनंतर सांधा तपासायला मिळावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत. १९७७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज सुधारित पॉलिथिन कमी झिजते, म्हणून ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा गोळा वापरता येतो आणि सांधा अधिक स्थिर राहतो. गोळ्याभोवती आणखी एक फिरता गोळा असलेली दुहेरी हालचालीची रचना फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात निघाली. निखळण्याचा धोका जास्त असलेल्यांना ती उपयोगी पडते.

तरीही पहिले काही महिने जपावेच लागते. उकिडवे बसणे, बुटक्या पाटावर बसणे, पायावर पाय टाकणे टाळा. शौचासाठी उंच कमोड वापरा. खाली बसायचे असेल तर आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. अचानक तीव्र कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसला, तर कुणालाही ओढू-चोळू देऊ नका; तडक रुग्णालय गाठा.